वयात आलेला ससा ट्रे सोडून सोफ्यावर शू करतोय, काय करू?

ढगूची ताई

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ढगू नावाचा ससा आहे. नर, राखाडी, बुटक्या जातीचा, वय पाच महिन्यांच्या आसपास. लहान होता तेव्हा पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात शू करायचा. मी तिथे ट्रे ठेवला आणि त्याने तो लगेच आपलासा केला. गेल्या काही आठवड्यांत मात्र सगळंच पालटलंय. पिंजऱ्यात असला की ट्रे नीट वापरतो. बाहेर सोडलं की खोलीभर एकेक लेंडी टाकत हिंडतो, सोफ्यावर चढला की बसल्या जागी शू करतो, आणि दाराशेजारच्या भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत बारीक पिवळे शिंतोडे दिसायला लागलेत. ते तिथवर कसे पोचले हेच आधी कळेना. मग एकदा डोळ्यांदेखत बघितलं. माझ्या पायांभोवती घूं घूं करत गोल फिरत होता आणि फिरता फिरता मागचा भाग झटकून त्याने फवारा मारला.

सोफा साबणाच्या पाण्याने धुतला, फरशी रोज फिनाइलने पुसते. तरी दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी पुन्हा ओलं. घरचे म्हणतात, त्याला आता पिंजऱ्यातच ठेव. मला ते मान्य नाही. संध्याकाळी बाहेर आला की हा प्राणी हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो, कान एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

शिकवलेलं सगळं तो विसरला का? पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल का? आणि सोफ्यातला वास मुळापासून कसा काढायचा? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

सशांचं घर

ढगूची ताई, तो काही विसरलेला नाही. तो वयात आलाय. नर ससे साधारण साडेतीन महिन्यांपासून पुढे कधीही वयात येतात, आणि त्यानंतर शू ही त्यांची सही होते. पायांभोवती घातलेल्या त्या फेऱ्या म्हणजे प्रणयाराधन, आणि ते तुमच्यासाठी चाललंय. त्यात सूड नाही, हट्ट नाही. म्हणून आधी एक कळकळीची विनंती: त्याच्यावर ओरडू नका, त्याचं नाक डागावर नेऊ नका, चापट तर कधीच नको. मागे मिळालेली शिक्षा आणि आत्ताची शू यांचा संबंध सशाला जोडता येत नाही. त्याला कळतं ते इतकंच की या माणसाची भीती बाळगायची, आणि भेदरलेला ससा जास्तच शू करतो.

ट्रेची सवय आणि हद्द आखणं या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका, अर्धी लढाई तिथेच आहे. सवय नसलेला ससा एका ठिकाणी थारोळं करतो, बहुतेक वेळा कोपऱ्यात. हद्द आखणारा थोडी थोडी, चार ठिकाणी आणि भिंतीवरही करतो. लेंड्यांचंही असंच. ट्रेच्या कडेला लागून पडलेल्या लेंड्या उडी मारताना सांडलेल्या असतात, त्या मनावर घेऊ नका, केरसुणीने आत लोटा. खोलीभर अंतराअंतराने टाकलेल्या लेंड्या मात्र हद्दीच्या. तुमच्या ढगूची सवय शाबूत आहे, पिंजऱ्यातला ट्रे तो वापरतोय हाच त्याचा पुरावा. बिघडलंय ते हॉर्मोन्समुळे, आणि त्याला न्यूटर करणं, म्हणजे शस्त्रक्रियेने वृषण काढणं, हाच खरा उपाय. वृषण खाली उतरलेले असले की शस्त्रक्रिया करता येते, या वयात बहुधा ते उतरलेले असतात.

डॉक्टर निवडताना घाई करू नका. कुत्र्या-मांजरांवर उत्तम हात असलेला डॉक्टर सशाला भूल द्यायला तयार असेलच असं नाही. सशांच्या शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का, असं सरळ विचारा. आणि आणखी एक विचारा: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं का? ‘हो, रात्रभर काही देऊ नका’ असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे कुत्र्याला उपाशी ठेवतात ते कारण त्याला लागू पडत नाही. उलट त्याचं आतडं सतत चालू राहायला हवं, ते थांबलं की जिवावर बेततं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी घर कोरडं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. रक्तातले हॉर्मोन्स ओसरायला काही आठवडे जातात. घरात मादी असेल तर तोवर दोघांना वेगळं ठेवा, कारण न्यूटर झाल्यावरही नर सहा आठवड्यांपर्यंत पिल्लांचा बाप होऊ शकतो. (ज्यांच्याकडे मादी आहे त्यांनीही हे वाचत असाल तर ऐका. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार प्रमाणात आढळतो. त्यांच्या बाबतीत मी ट्रेचा विचार नंतर करते, जिवाचा आधी.)

आता ट्रे. तो दिवाणखान्यातही ठेवा, आणि जिथे तो आज शू करतो नेमका तिथेच ठेवा. ट्रेची जागा ससा ठरवतो, आपण ती मान्य करायची. नंतर रोज थोडा थोडा सरकवत सोयीच्या जागी नेता येतो, पण सुरुवात त्याच्या पसंतीने. दोन कोपरे पसंत असतील तर दोन ट्रे. दुकानात सशांसाठी म्हणून जे तिकोनी छोटे ट्रे मिळतात ते घेऊ नका, त्यात ससा कसाबसा मावतो आणि त्याची शेपटी बाहेर राहते. मग तो बिचारा ट्रेमध्ये बसूनच बाहेर शू करतो आणि आपण म्हणतो याला कळत नाही. पाय पसरून बसता येईल आणि अंग वळवता येईल एवढा लांबरुंद हवा. मी सामान ठेवायचे प्लॅस्टिकचे मोठे खोके घेते, एक बाजू आत शिरण्यापुरती कापते आणि कापलेली कड काचकागदाने घासून गुळगुळीत करते. बाकीच्या तीन बाजू उंच राहतात, त्यामुळे मागे उडणारी शूही आतच पडते.

तळाला कागदाच्या किंवा दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांचा पातळ थर द्या. मांजरांची ओली झाली की गोळा होणारी वाळू चुकूनही नको. ससा ती चाखतो, ती आतड्यात फुगून अडकते, आणि तिची धूळ फुप्फुसात जाते. देवदार आणि पाइनच्या सुगंधी भुशातली द्रव्यं यकृताला बाधतात, तोही नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेच्या एका टोकाला भरपूर वाळलेलं गवत रचा. ससे खाता खाता लेंड्या टाकतात, ती त्यांची रीतच आहे. जिथे गवत, तिथे लेंड्या. नुसत्या रिकाम्या ट्रेसमोर महिनोन् महिने हताश झालेले लोक मी बघितलेत, आणि गवत ट्रेमध्ये आणल्यावर त्याच सशाला तिथे तासन् तास चरत बसलेलंही बघितलंय.

आणखी एक, जे बघून बघूनच लक्षात येतं. शू करण्याआधी ससा एकदम थबकतो, दोन पावलं मागे सरकतो, बूड कोपऱ्याला लावतो आणि शेपटी किंचित वर उचलतो. हे दिसलं की आरडाओरडा न करता, पाठलाग न करता त्याला हळूच ट्रेकडे वळवा. आत जाऊन केलीच तर त्याच क्षणी त्याच्या आवडीचा छोटासा तुकडा द्या. पाच मिनिटांनी दिलात तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळणार नाही.

जागाही सध्या आवरती घ्या. अख्खं घर मोकळं न ठेवता जाळीने एक भाग अडवून द्या. तिथे गाडी रुळावर आली की जाळी थोडी मागे, पुन्हा थोडी मागे. घरच्यांनाही हे पटेल, आणि ढगूचं उड्या मारणंही थांबणार नाही.

ट्रे रोज बदला, पण लख्ख करू नका. बाहेर सापडलेल्या लेंड्या आणि शू टिपलेला एखादा कागद आत टाका, जुन्यातलं मूठभर लिटर (तळाला घातलेल्या गोळ्या) ठेवा. हे आपलं ठिकाण, हे त्याच्या नाकाला कळलं पाहिजे. आणि तो पिंजऱ्यात असताना हात घालून साफसफाई करू नका. तो बाहेर आल्यावर करा. आपल्या घरात कोणी शिरून सामान हलवतंय असं वाटलं की हद्द आखणं वाढतं.

सोफ्याच्या वासाबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत, ते लिहितीलच.

---

चुनखडी

वरचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी फक्त डाग आणि वासाबद्दल लिहितो, रसायनशास्त्र हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे म्हणून.

सशाची लघवी गढूळ असते, वाळल्यावर पांढरी खडूसारखी पुटं धरते. याचं कारण कॅल्शियम. बहुतेक प्राणी अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतात. ससा जवळजवळ मिळेल तेवढं शोषतो आणि जास्तीचं मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतो. ते पुट मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, म्हणून साबणाला दाद देत नाही. त्याला आम्ल लागतं. साधं पांढरं व्हिनेगर ट्रेमध्ये ओता, बारीक बुडबुडे येताना दिसतील, अर्ध्या तासाने ब्रशने घासा, पापुद्रा सुटून येतो. फरशीवरच्या ताज्या डागाला निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी पुरतं.

पण जमीन संगमरवराची किंवा दुसऱ्या चुनखडीच्या दगडाची असेल तर व्हिनेगर लावूच नका. तो दगडही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. डागाबरोबर त्याची झिलईही विरघळते आणि तिथे कायमचा निस्तेज पट्टा राहतो. अशा दगडावर ओल लगेच टिपून घ्यायची आणि सौम्य साबणाने पुसायचं. चकचकीत टाइल्सना व्हिनेगरने काही होत नाही, मधल्या सिमेंटवर मात्र ते फार वेळ साचू देऊ नका.

फिनाइलबद्दल. तुम्हाला जो वास येत नाहीसा होतो तो झाकला गेलेला असतो. सशाचं नाक त्याच्याखालचा वास सहज काढतं, म्हणून तो त्याच जागी परत जातो. शिवाय ते पायांना लागतं आणि पाय चाटताना पोटात जातं. अमोनिया असलेली क्लीनर तर उलटच काम करतात, कारण शिळ्या लघवीलाही अमोनियाचाच वास असतो. सशाला ते जवळपास आमंत्रण वाटतं. आणि कपड्यांचं ब्लीच लघवीच्या डागावर ओतू नका. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू तयार होतो, व्हिनेगरशी झाला तर क्लोरीन. दोन्ही वायू छातीला घातक आहेत, आणि ससा जमिनीलगत श्वास घेतो, म्हणजे त्याला ते आपल्याआधी लागतात.

सोफ्यासाठी एन्झाइम क्लीनर आणा, पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी म्हणून मिळतं ते. आधी जाड कोरड्या फडक्याने दाबून दाबून ओल शोषून घ्या. घासू नका, घासलं की ती पसरते आणि आणखी आत जाते. मग थोडं गार पाणी, पुन्हा टिपणं. त्यानंतर एन्झाइम. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. लघवी फोममध्ये बोटभर खोल गेलेली असते आणि आपण वरून दोन फवारे मारतो. जितकी आत ओल गेली तितकंच आत औषध पोचलं पाहिजे, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत ते ओलं राहिलं पाहिजे. वरून ओला पंचा घालून ठेवला की लवकर सुकत नाही. त्या जागी आधी व्हिनेगर किंवा फिनाइल वापरलं असेल तर पाण्याने धुऊन काढा, नाहीतर एन्झाइम निकामी होतात. वाफेचं यंत्र आणि गरम पाणी टाळा, उष्णतेने वास धाग्यात घट्ट बसतो. रंग जातो का हे आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला बघून घ्या. एन्झाइम पूर्ण सुकल्यावर वर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. सशाला मात्र तोवर तिथे चढू देऊ नका.

अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च मिळाली तर बघा. खोलीत पूर्ण अंधार करून भिंतीच्या कडेने फिरवायची. डाग उजळून दिसतात. सोफ्याच्या पायांना आणि पडद्यांच्या खालच्या काठाला तुम्हाला ठाऊक नसलेले शिंतोडे हमखास सापडतील. ते राहिले तर बाकी सगळी मेहनत अर्धवट राहते.

---

पारिजात

ढगू लहान आहे, त्यामुळे वरचं निदान बरोबरच वाटतं. पण हा धागा पुढे कोणी वयस्क सशासाठी वाचेल म्हणून लिहिते. वर्षानुवर्षं ट्रे वापरणारा ससा अचानक बाहेर शू करायला लागला, तर आधी डॉक्टर. आमची म्हातारी मादी ट्रेच्या अगदी दाराशी करायला लागली होती. तिचे सांधे दुखत होते, कड ओलांडणं तिला जमत नव्हतं. औषधं सुरू केली, ट्रेची कड जवळजवळ जमिनीलगत आणली आणि ती पुन्हा आत जाऊ लागली. तिच्याकडे बघून घरात कोणीतरी ‘आळशी झाली’ म्हणालं होतं, ते मला आजही टोचतं.

लघवीकडे रोज एक नजर टाका. गढूळपणा चालतो, पण ओल्या सिमेंटसारखा जाड गाळ पडत असेल, ससा कुंथत असेल, थेंब थेंब होत असेल, मागचे पाय ओले राहून केस जात असतील, तर थांबू नका. नारिंगी किंवा तांबूस लघवी बघून मात्र लगेच घाबरू नका. अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे तसं होतं आणि आपोआप जातं. रंग सगळ्या थारोळ्याला सारखा असेल तर बहुधा रंगद्रव्य. पिवळ्या लघवीत लाल धागे किंवा गुठळ्या असतील तर रक्ताची शंका. डोळ्यांनी खात्री होत नाही, नमुना तपासून घेतलेला बरा. आणि पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात ठेवा, वाडग्यातून ससे जास्त पितात.

---

ढगूची ताई

किती मनापासून लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी! सशांचं घर ताई, तुमचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘पिंजऱ्यातच ठेव’ म्हणणाऱ्यांनीच आता जाळीची मापं घेतलीत. मोठं खोकं कापून ट्रे केला, गवत भरलं, आणि ढगू आत जाऊन एवढा वेळ खात बसला की मी दोनदा वाकून बघितलं. चुनखडी, अंधारात टॉर्च फिरवली. पडद्याबद्दल तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं.

अजून दोन शंका. शस्त्रक्रियेपर्यंत सोफ्याचं काय करू? जाळी लावली तरी माझ्याजवळ येऊन बसायची त्याची ती एकच जागा आहे. आणि सोफ्यावर कधी कधी नेहमीच्या कोरड्या लेंड्यांऐवजी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारीक घडासारखं काहीतरी सापडतं, त्याला उग्र वास येतो. हे जुलाब आहेत का?

---

सशांचं घर

जुलाब नाहीत. त्याला सीकोट्रोप म्हणतात. गवत पहिल्या फेरीत पुरतं पचत नाही, ते आतड्याच्या एका मोठ्या पिशवीत आंबतं. तिथून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं भरलेले हे मऊ घड बाहेर येतात आणि ससा ते थेट बुडाशी तोंड नेऊन खातो. आपल्याला ते दिसतही नाहीत, वाटतं की अंग साफ करतोय. ते त्याचं अन्नच आहे, खाताना अडवू नका. एखाद्या वेळी त्यावर बसला आणि चिरडलं, इतकंच असेल तर सोडून द्या. वारंवार सापडायला लागले तर गोळ्यांचं खाद्य आणि गोड फळं कमी करा, गवत वाढवा. वजन वाढलेल्या किंवा पाठ दुखणाऱ्या सशाचं तोंड तिथवर पोचत नाही, तेही एक कारण असतं. पाण्यासारखं पातळ होत असेल तर मात्र तो खरा जुलाब, आणि सशात तो तातडीचा आजार आहे, त्याच दिवशी डॉक्टर.

सोफ्याचं सांगते. मऊ जागा आणि तुमचा वास, या दोन गोष्टींमुळे तो तिथे शू करतो. म्हणून काही आठवडे तुम्हीच खाली या. जाळीच्या आत जमिनीवर बसा, पाय पसरा, पुस्तक वाचा. तो येऊन मांडीला हनुवटी घासेल. तेही हद्द आखणंच आहे, हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, पण आपल्या नाकाला तो वास येत नाही आणि डागही पडत नाही. सोफ्यावर जाड जलरोधक आच्छादन घाला, त्यावर रोज धुता येईल अशी चादर. तो वर चढलाच तर न रागावता उचलून खाली ठेवा, छाती आणि मागचे पाय दोन्ही धरून. मागच्या पायांना आधार नसेल तर तो झटके देतो आणि त्या झटक्याने सशाचा कणा मोडू शकतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याच्या नेहमीच्या गवताची पिशवी सोबत न्या. शुद्धीवर आल्यावर ओळखीचा वास समोर असला की लवकर तोंड लावतो. घरी आणल्यावर ट्रेमध्ये काही दिवस लिटरऐवजी कागद अंथरा, म्हणजे टाक्यांना काही चिकटणार नाही आणि लेंड्या मोजायला सोप्या पडतील. दुखणं कमी करणारं औषध दिल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. रात्रीपर्यंत त्याने काहीच खाल्लं नाही किंवा एकही लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट न बघता फोन करा. नंबर आधीच विचारून ठेवा.